काहून नाही आले जी रविवारी?

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली गोष्ट. लागोपाठ दोन रविवार मी चर्चला गेलो नव्हतो. सांगण्यासारखं कारण काहीच नव्हतं. नागपूरचं ऊन आणि सदर भागातल्या चर्चपर्यंत स्कूटर काढायचा कंटाळा, एवढंच. खरं कारण मी स्वतःलाही सांगत नव्हतो. जिना चढून वर आलं की दम लागायचा, आणि संध्याकाळ झाली की चपलेचा पट्टा आवळल्यासारखा व्हायचा. बायकोला जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला. घरात विचारणारं कोणी नसलं की माणूस स्वतःच्या पायांकडेही बघत नाही.

तिसऱ्या रविवारीही मी घरीच. दुपारी बाराला बेल वाजली. दारात तिघी उभ्या. महिला मंडळातल्या काकू, त्यांची सून आणि आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या सभासदांतल्या, रिटायर्ड सिस्टर. सिस्टर म्हणजे नन नव्हेत, नर्स. आम्हा प्रोटेस्टंट घरांत सिस्टर म्हटलं की आधी इंजेक्शनच आठवतं. काकूंच्या हातात डबा होता आणि उंबऱ्यावरूनच पहिला प्रश्न आला.

"काहून नाही आले जी रविवारी? तीन रविवार झाले, तुमची जागा रिकामीच."

"असंच," मी म्हणालो.

सिस्टर काहीच बोलल्या नाहीत. त्या माझ्या पावलांकडे बघत होत्या. मला खुर्चीत बसवून त्यांनी नडगीवर अंगठा दाबला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि उचलला. खळगा तिथंच राहिला, पायात पाणी साचलं होतं. "प्रेशरच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?" त्यांनी विचारलं. 'घेता का' असं नाही, 'कधीपासून बंद' असं. जानेवारीत पाकीट संपलं होतं आणि मी दुसरं आणलं नव्हतं. पर्समधून मशीन निघालं. वरचा आकडा १९६, खालचा ११२. त्याच संध्याकाळी ईसीजी झाला, दोन दिवसांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदय थकलं होतं, अजून बसलं नव्हतं.

डब्यात वडाभात होता. वर लाल मिरचीची फोडणी. सिस्टरनी तो माझ्या ताटात पडू दिला नाही, म्हणून काकू त्यांच्याशी पुढचे पंधरा दिवस नीट बोलल्या नाहीत.

मी जन्मभर सरकारी हिशेबात काढला. कोणत्या नोंदीने चूक पकडली हे बघायची सवय हाडात मुरली आहे. म्हणून तेव्हापासून डोक्यात एकच हिशेब घोळतोय. मुलाने पाठवलेलं मनगटी घड्याळ, जे पावलं मोजतं, ते टेबलाच्या खणात होतं. शेजारी भले लोक आहेत, पण फ्लॅटचं दार लोखंडी. माझं दुखणं पकडलं ते चर्चमधल्या डावीकडच्या पाचव्या बाकाने. माणूस दिसला नाही, एवढी एकच गोष्ट त्या बाकाला कळली आणि तेवढी पुरली.

ख्रिस्ती माणूस आणि आरोग्य असं म्हटलं की लोकांना दवाखाने आठवतात, आणि ते साहजिकच आहे. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आला. त्याच्या नावाचं कॉलेज सगळ्यांना माहीत, पण त्याच स्कॉटिश मिशनने सीताबर्डीला बायकांसाठी दवाखाना काढला, तो म्यूर मेमोरियल. पुरुष डॉक्टरपुढे बाई जायची नाही असा तो काळ, त्यामुळे बायकांसाठी बाई डॉक्टर ही त्या काळी औषधाइतकीच मोठी गोष्ट होती. माझा जन्म तिथलाच, आणि आमच्या चाळीतल्या अर्ध्या पोरांचाही; त्यात हिंदू होते, बौद्ध होते, मुसलमान होते. मिरजेला वॉनलेस, वेल्लोरला आयडा स्कडर, या मिशनरी डॉक्टरांची नावं आमच्या लहानपणी शब्बाथशाळेत ऐकलेली. त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण दवाखाना काढला की आरोग्याचं काम झालं, हे मंडळीने स्वतःच्या मनाला दिलेलं फार सोयीचं समाधान आहे. दवाखाना दूर असतो, त्यात पगारी माणसं असतात, आणि आपण वर्षाकाठी उपकारस्तुतीचं दान टाकून मोकळे.

हे सोयीचं समाधान मोडणारी दोन माणसं महाराष्ट्रातलीच. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. दोघंही वेल्लोरला शिकलेले, दोघंही श्रद्धावंत ख्रिस्ती. मिशन दवाखान्यात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की तेच रुग्ण त्याच आजारांनी परत परत येतात. पोट बिघडलेलं मूल बरं करून घरी पाठवायचं आणि त्याने पुन्हा तेच पाणी प्यायचं. १९७० साली ते जामखेडला गेले आणि गावोगावच्या बायकांना शिकवू लागले. त्यातल्या बऱ्याच निरक्षर, बऱ्याच दलित वस्तीतल्या. बाळंतपण, जुलाबात मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोगाचा डाग ओळखणं, हे सगळं त्या बायका करू लागल्या. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं. मला त्यातलं काय सगळ्यात मोठं वाटतं सांगू? ती बाई त्याच गावातली होती. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे तिला डॉक्टरच्या आधी कळायचं.

आमच्या काकूंना मॅगसेसे कोणी देणार नाही. पण बाणा तोच.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात कफर्णहूम गावची गोष्ट आहे, ती मी लहानपणापासून शंभरदा ऐकली असेल. एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघं बाजेसकट उचलून येशूकडे आणतात. दारात ही गर्दी. मग ते छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज आत सोडतात. मुलांना छपराचा भाग आवडतो. मला कित्येक वर्षं प्रश्न पडायचा तो घरमालकाचा, त्याचं छप्पर मग कोणी शाकारलं? पण आजारपणानंतर पहिल्यांदा चर्चमध्ये बसलो त्या दिवशी पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पास्टरांनी, एका शब्दावर बोट ठेवलं. येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. त्यांचा, अनेकवचनी. बाजेवरच्या माणसाने काय मानलं, प्रार्थना केली की नाही, याबद्दल तिथे चकार शब्द नाही. त्या बिचाऱ्याला बहुधा उचलून नेण्याचीच लाज वाटत असणार. मला वाटली होती. काकूंच्या सुनेच्या स्कूटरवर मागे बसून, पासष्टीचा गडी, ईसीजीला गेलो होतो.

त्यानंतर आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हरांड्यात टेबल लागू लागलं. सिस्टरचं टेबल. वाटतं तितकं सोपं काम नाही ते. पहिल्या महिन्यात निम्म्या मंडळीचं प्रेशर वाढलेलं निघालं आणि घबराट झाली. मग सिस्टरनी नियम केले. उपासना सुटल्यावर चहाच्या रांगेत आधी जायचं नाही. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. आमच्यातल्या काही जणांना हा शेवटचा नियम उपवासापेक्षा कठीण गेला. एका दिवसाच्या आकड्यावर कोणाला रुग्ण ठरवायचं नाही. १४०-९०च्या वर दोनदा वेगवेगळ्या दिवशी आला तर डॉक्टरकडे पाठवायचं, आणि खरंच गेला का ते पुढच्या महिन्यात विचारायचं. त्यांच्या वहीत शेवटचा रकाना त्याचाच आहे: 'गेले का?' इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतका नेमका रकाना पाहिला नाही.

पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना. पाळकसाहेब स्वतः बाही वर करून बसले. त्यांचाच आकडा १५८ आला. साऱ्या व्हरांड्यात एकदम मोकळं वाटलं. एक गृहस्थ आले, त्यांचा २१० निघाला, ते हसून म्हणाले, "मशीन बिघडली वाटते तुमची." सिस्टरनी मशीन स्वतःच्या हाताला लावून दाखवलं, १२४. गृहस्थ हसायचे थांबले.

आता थोडं आमच्या विरोधात. उपासनेनंतर चहा, समोसा आणि कुणाचा वाढदिवस असेल तर केक. नाताळात चिवडा, शेव, करंज्या, शंकरपाळे, वर पुन्हा केक. म्हणजे दिवाळी आणि नाताळ दोन्हींचं पथ्य आम्ही एकाच सणात मोडतो. 'तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे' हे वाक्य मी आजवर सिगारेट आणि दारूच्या संदर्भातच ऐकलं. समोशाच्या संदर्भात एकदाही नाही. सिस्टरनी केकबरोबर संत्री ठेवायला सुरुवात केली. नागपुरात राहून चर्चच्या टेबलावर संत्रं नसावं, याचा मला आधी कधी विचारही शिवला नव्हता. केक आधी संपतो, अजूनही. पण संत्र्यांची सालं आता कचऱ्यात दिसतात.

आणि दुसरं, जे हसण्यावारी नेता येत नाही. माझ्या मामांना साखर होती. दहाएक वर्षांपूर्वी ते कोणत्या तरी आरोग्यदानाच्या सभेला गेले, तिथे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली आणि मामांनी गोळ्या सोडल्या. गोळी घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं त्यांना कोणी तरी सांगितलं होतं. पायाच्या अंगठ्याला चपलेने फोड आला. साखर वाढली की पायाची जाणीव बधिर होते आणि जखम भरत नाही. मामांना ती दुखलीच नाही, म्हणून दिसली नाही. अंगठा गेला, मग पुढचा अर्धा पाय. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की आपलाच विश्वास कमी पडला. पायापेक्षा त्या वाटण्याचा मला जास्त राग येतो. बायबलात याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवा, तेल लावून प्रार्थना करा असं आहे. औषध टाका असं कुठं आहे? प्रेषित पौलाचा सोबती लूक तर वैद्यच होता. आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटाच्या दुखण्यासाठी पौल थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहितो. 'अजून प्रार्थना कर' म्हणत नाही. मामांच्या मंडळीत हे वाचून दाखवणारं कोणी नव्हतं, की होतं आणि गप्प बसलं, देव जाणे.

प्रार्थनेने काय होतं यावर मी बोलणार नाही, ते माझ्या हिशेबाच्या वहीत मावत नाही. एकत्र येण्याने काय होतं, त्याची मात्र मोजदाद झालेली आहे. अमेरिकेत सुमारे ७४ हजार नर्सबाईंच्या नोंदी सोळा वर्षं पाहिल्या, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आठवड्यातून एकापेक्षा जास्त वेळा उपासनेला जाणाऱ्या बायकांमध्ये त्या काळातलं मृत्यूचं प्रमाण, कधीच न जाणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी होतं. यावर उड्या मारायच्या आधी हिशेबनीस म्हणून दोन शेरे मारतो. त्या बहुतेक गोऱ्या, शिकलेल्या, नोकरदार बायका. आमच्या गड्डीगोदामच्या बायकांना ते जसंच्या तसं लावता येत नाही. आणि जो मुळात धडधाकट तोच चर्चला चालत जाऊ शकतो, ही गोम त्यांनी हिशेबात धरायचा प्रयत्न केला असला तरी ती पुरती निघत नाही. पण हे कशामुळे घडत असेल याचा त्यांनी शोध घेतला, तेव्हा माणसांचा आधार हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. वाचलं आणि मला काकूंचा डबा आठवला.

उन्हाळ्याचं काम तरुण संघाने उचललं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो हे कोणाला सांगायला नको. म्हाताऱ्या शरीराला तहान उशिरा कळते, त्यात प्रेशरच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या. एकटा राहणारा म्हातारा कूलरचं पाणी संपलेलं बघतो आणि उठायचा आळस करतो, इथून सुरुवात होते. म्हणून एप्रिल ते जून दुपारी एकच्या सुमारास एकेका पोराने दोन-दोन घरी फोन करायचा. प्रश्न ठरलेले तीन: पाणी प्यायले का, कूलर चालू आहे का, जेवलात काय. तिसरा प्रश्न आरोग्याचा कमी आणि गप्पांचा जास्त, असं मला आधी वाटायचं. पण एका आजीने "भूक नाही रे बाप्पा" हे तीन दिवस सलग म्हटलं आणि चौथ्या दिवशी पोरं तिला उचलून सलाईनला घेऊन गेली. तेव्हा कळलं की तिसरा प्रश्नच खरा.

सिकलसेलचं मात्र आम्हाला नीट जमलेलं नाही. विदर्भात हा आजार बऱ्याच घरांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा काहीच होत नाही, त्यामुळे तपासल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. आमच्याकडे लग्नाआधी मंडळीत तीन रविवार नावं वाचून दाखवतात. कोणी तरी सुचवलं, त्याआधी दोघांचे रक्ताचे रिपोर्ट पाळकांकडे जमा करायचे. हेतू चांगला, पण सिस्टर उसळल्या. "रिपोर्ट एकदा पाळकांच्या टेबलावर गेला की संध्याकाळपर्यंत सदर ते मेकोसाबाग पोचते. पोरीचं लग्न मोडते, पोराचं नाही मोडत." त्यांचंच खरं होतं. आता लग्नाआधीच्या भेटीत पाळक फक्त एवढं सांगतात की तपासणी कुठं होते आणि का करावी. रिपोर्ट ज्याचा त्याच्या खिशात. किती जण करून घेतात, आम्हाला ठाऊक नाही. ठाऊक नसणं हीच त्या व्यवस्थेची अट आहे. माझ्यासारख्या आकड्यांच्या माणसाला ते जड जातं, पण मी गप्प बसायला शिकलोय.

कारण 'काहून नाही आले रविवारी' या प्रश्नाला दोन सूर आहेत. एक काकूंचा, डबा हातात असलेला. दुसरा वडील मंडळातल्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या, काही लोकांचा, भिंगातून बघणारा. आमच्याच मंडळीतल्या एका बाईंच्या मुलीने घर सोडून लग्न केलं. त्यानंतर त्या एका रविवारी आल्या नाहीत, तर विचारायला चार जण गेले. त्या मग पुढे कधीच आल्या नाहीत. आता म्हणे त्यांना झोप लागत नाही, वजन फार उतरलंय. हे मला तिसऱ्याकडून कळतं. ज्या प्रश्नाने माझं हृदय वाचवलं, त्याच प्रश्नाने त्यांचं दार बंद झालं. शब्द तेच होते की नव्हते, कोण जाणे. मी त्या चौघांत नव्हतो, पण त्यांना अडवणाऱ्यांतही नव्हतो.

चर्चच्या मागच्या खोलीत मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दारू सोडलेल्यांची बैठक भरते. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात १९३५ साली एका शेअरदलालाने आणि एका डॉक्टरने सुरू केलेला तो अनामिक दारुड्यांचा, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, प्रकार, जगभर पसरलेला. त्यात कोणत्याही धर्माचे लोक येतात. आमचं काम फक्त खोली उघडी ठेवणं आणि चहाचं पातेलं. मंडळीतल्या काहींना आधी ते खटकलं होतं, खोलीत बिडीचा वास राहतो म्हणून. मला त्या खोलीबद्दल एकच गोष्ट कळत नाही. तिथे भिंतीपलीकडचे अनोळखी लोक येऊन 'मी दारुडा आहे' असं मोठ्याने म्हणतात, आणि भिंतीच्या अलीकडे, बाकांवर, आम्ही वर्षानुवर्षं शेजारी बसून एकमेकांना 'सलाम, बरं आहे ना?' एवढंच विचारतो.

आमच्या गायनमंडळात एक पोरगा आहे, तिशीतला. आवाज खर्जातला. नारायण वामन टिळकांचं भजन लागलं की त्याच्या आवाजाचा पाया जाणवायचा, बाकी सगळे त्यावर उभे राहायचे. पावसाळा लागल्यापासून तो दिसत नाही. पहिल्या रविवारी मला फक्त गाणं पातळ वाटलं. दुसऱ्या रविवारी कारण कळलं. त्याच्या कामाचं काही बिनसलंय, आणि संध्याकाळी तो कुठं असतो, हे दोन-तीन जणांना माहीत आहे. तिसऱ्या रविवारी मी काकूंना म्हणालो, जाऊन यायला पाहिजे. त्या म्हणाल्या, "मग जा ना."

गेल्या रविवारी गेलो. मानकापूरला तिसरा मजला, लिफ्ट बंद. प्रत्येक मजल्यावर थांबलो, गोळ्या आता नेमाने चालू आहेत तरी. हातात डबा होता, अळणी वरण आणि भाकर. मला येतं तेवढंच. वाटेत वाक्यं जुळवत होतो. 'काहून नाही आले' म्हणायचं नाही, ते पक्कं केलं होतं. 'सगळे आठवण काढतात' हेही नको, त्यात सगळ्यांना माहीत आहे असं येतं. दार त्यानेच उघडलं. दाढी वाढलेली, डोळे लाल, खोलीत पंखा गरगरत होता. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी दम खात उभा. जुळवलेलं एकही वाक्य आठवेना.

"बाबू," मी म्हणालो, "तीन मजले चढून आलो. जरा बसू देतो का?"

त्याने खुर्चीवरचे कपडे उचलले.